पॅरा क्रीडाकेंद्राची सुरुवात एसटी थांब्यापासून

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांत भारताने सात सुवर्ण, नऊ रौप्य आणि तेरा कांस्य अशी एकूण २९ पदके मिळवली. टोकियोत ही संख्या १९ होती आणि २०१६ साली रिओत अवघी चार, हे लक्षात घेतले तर ही झेप कोणाच्याही डोळ्यांत भरावी अशीच आहे. दिव्यांग खेळाडूंसाठी अद्ययावत प्रशिक्षण केंद्र आपल्या जिल्ह्यातही व्हावे, अशी मागणी कोकणातल्या सभासमारंभांतून आणि निवेदनांतून आता अधूनमधून ऐकू येते. मागणी योग्यच आहे. मात्र ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठ्या शहरातली, मोठ्या मोकळ्या जागेवरची, दर्शनी भागाला काच लावलेली इमारत असते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत नेमकी तशीच वास्तू उभी राहिली, तर ज्यांच्यासाठी ती बांधली तेच तिच्यापर्यंत पोहोचणार नाहीत, अशी मला धास्ती वाटते.

मोठी केंद्रे अनावश्यक आहेत, असे माझे म्हणणे नाही. ग्वाल्हेर येथे अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने दिव्यांग खेळाडूंसाठी बांधलेल्या केंद्राचे लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये झाले. गांधीनगर येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात पॅरा खेळाडूंचे प्रशिक्षण चालते आणि लखनौमध्ये गौरव खन्ना यांच्या हाताखाली पॅरा बॅडमिंटनचे कितीतरी खेळाडू घडले. परंतु ही केंद्रे ज्याचा खेळ ठरला आहे, ज्याची शारीरिक तपासणी होऊन क्रीडावर्ग, म्हणजे स्पर्धेतला गट, निश्चित झाला आहे आणि ज्याने राज्य पातळीवर काही करून दाखवले आहे, त्याच्या उपयोगाची आहेत. राजापूर किंवा मंडणगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत राहणारी, जन्मतः एक पाय अधू असलेली बारा वर्षांची मुलगी त्या टप्प्यावर पोहोचायच्या आधी मधली चार-पाच वर्षे कोठे खेळणार, या प्रश्नाचे उत्तर ग्वाल्हेरला नाही आणि पुण्याच्या बालेवाडीलाही नाही. ते तिच्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात असायला हवे.

अशी केंद्रे पाहण्यासाठी लोकप्रतिनिधी आणि अधिकारी अभ्यासदौऱ्यावर जातात, आणि जावेही. प्रश्न असा आहे की तिथे गेल्यावर ते काय पाहतात. तरणतलावाच्या निळ्या फरश्या, व्यायामशाळेतली चकचकीत यंत्रे आणि वसतिगृहातल्या नव्या गाद्या यांचे फोटो निघतात, अहवालात केंद्राचे क्षेत्रफळ आणि खर्चाचा आकडा नोंदला जातो आणि परतल्यावर तेवढ्याच क्षेत्रफळाचा प्रस्ताव तयार होतो. वास्तविक अशा भेटीत खाली वाकून जमिनीकडे पाहिले पाहिजे. बसून गोळा, थाळी किंवा भाला फेकणाऱ्या खेळाडूंचेच उदाहरण घ्या. त्यांचे आसन म्हणजे लोखंडी नळ्यांची एक चौकट असते, तिची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही, आणि ती जमिनीशी पट्ट्यांनी आवळून बांधलेली असावी लागते. त्यासाठी फेकीच्या वर्तुळाच्या आत-बाहेर जमिनीत लोखंडी कड्या काँक्रीटमध्ये कायमच्या पुरलेल्या असतात. खेळाडू कमरेवरचे सगळे अंग मागे नेऊन झटका देतो त्या क्षणी चौकट बोटभर जरी हलली तरी त्याच्या ताकदीचा मोठा भाग वाया जातो, शिवाय पडून दुखापत होण्याची भीती असतेच. कड्या नसलेल्या मैदानावर दोघेतिघे चौकटीवर वजन टाकून उभे राहतात आणि तसाच सराव होतो. या चार-सहा कड्यांचा खर्च उद्घाटनाच्या मांडवापेक्षा कमी असेल. तरीही कोठल्याही तालुका संकुलाच्या अंदाजपत्रकात त्या माझ्या तरी पाहण्यात आलेल्या नाहीत.

गोलबॉलचे तसेच आहे. दृष्टिहीनांच्या या खेळात चेंडूत घुंगरू असते, मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते, आणि त्याच्या रेषा चिकटपट्टीखाली सुतळी घालून आखतात, म्हणजे खेळाडूला हाताने किंवा पायाने चाचपून आपली जागा कळते. खेळ चालू असताना प्रेक्षकांना चिडीचूप बसावे लागते. म्हणजे या खेळासाठी एक साधी बंदिस्त खोली, सपाट जमीन, सुतळी, चिकटपट्टी आणि शांतता पुरते. यांपैकी पहिल्या चार गोष्टी आपल्याकडे आहेत. महामार्गालगत संकुलांसाठी जागा निवडणाऱ्यांनी पाचवीचा विचार केलेला नसतो, एवढेच.

कोकणातल्या एका तालुक्याचे क्रीडासंकुल मी अलीकडे याच दृष्टीने पाहिले. गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने तेच चित्र दुसरीकडेही दिसेल. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून आपल्याकडे इमारतींचे जोते उंच घेतात, त्याप्रमाणे इथलेही सुमारे तीन फुटांचे होते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे एक फूट चढायचे तर बारा फूट लांबीचा उतार हवा. या हिशेबाने तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट उतार लागतो, आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. प्रत्यक्षात तिथे बारा-तेरा फुटांची एक घसरगुंडी होती, तिच्या पायथ्याशी पाण्याचे उघडे गटार होते आणि गटारावर रुंद फटींची लोखंडी जाळी होती, जिच्यात खुर्चीचे पुढचे छोटे चाक हमखास अडकावे. उताराचा उपयोग मोटारसायकली व्हरांड्यात चढवण्यासाठी होत होता. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते, आणि किल्ली आणवून उघडले तर आत अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी आणि फक्कीच्या गोण्या रचलेल्या होत्या. रखवालदार म्हणाला, ‘‘तसा कोणी येतच नाही हो इथे.’’ त्याचे खरेच होते.

स्वच्छतागृहाचा हा विषय किरकोळ समजला जातो म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे अनेकदा लघवीवर नियंत्रण नसते आणि ठरावीक तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. त्याला खुर्ची आत नेऊन वळवता येईल अशी, सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, बाहेरच्या बाजूला उघडणारे दार, हाताच्या उंचीवर नळ आणि कोरडी, स्वच्छ फळी हवी असते. ते नसेल तर माणूस सोपा उपाय करतो, तो पाणी पिणेच कमी करतो. छातीच्या पातळीवर किंवा तिच्या वर मज्जारज्जूला इजा झाली असेल तर त्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही आणि शरीर आपोआप थंड होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे वैशाखातल्या कोकणी उकाड्यात पाणी न पिता सराव करणे किती धोक्याचे आहे ते कळेल. अशा खेळाडूंसाठी अंगावर पाण्याचा फवारा, सावली आणि पंखे ही चैन राहत नाही. कृत्रिम पाय लावणाऱ्यांची अडचण आणखी निराळी असते. दमट हवेत पायाच्या खुंटाभोवतीच्या आवरणात घाम साचतो, पाय आत सरकू लागतो आणि कातडी सोलवटते. दर तासाला तो काढून पुसायला बसण्याची एक जागा हवी, इतकीच त्यांची गरज असते. मुलींच्या बाबतीत तर कुलूपबंद स्वच्छतागृह म्हणजे ‘येऊ नका’ अशी पाटीच होय, आणि पालक ती पाटी बरोबर वाचतात.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३० मध्ये क्रीडासुविधांची पुनर्रचना करण्याची आणि त्यासाठी निधी देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम पाळल्याखेरीज कोणत्याही नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच उलटली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान मानके बंधनकारक करण्याचा आदेश केंद्राला दिला. तेव्हा एकास चारच्या उताराची इमारत वापरात येते ती कायद्याच्या उणिवेमुळे येत नाही. दाखल्यावर सही करणाऱ्याने उतार मोजलेला नसतो, म्हणून येते.

एक हरकत तांत्रिक वाटते, पण तिचे मूळ मनात आहे. चाकाच्या खुर्च्या आत आणल्या तर लाकडी कोर्ट खराब होईल, टायरचे काळे डाग पडतील, असे बॅडमिंटनच्या सभागृहांचे व्यवस्थापक सांगतात. जपानमध्येही हेच सांगितले जात असे. व्हीलचेअर रग्बीत खुर्च्या एकमेकींवर आदळतात, म्हणून साधी सभागृहे त्या संघांना जागा देत नसत. टोकियोत निप्पॉन फाउंडेशनने २०१८ साली पॅरा अरिना नावाचे सभागृह उभारले, त्यामागे हेही एक कारण होते. तिथे जमिनीवर डाग पडणार हे गृहीतच धरले आहे. आपल्याकडे जमीन जपायची की खेळाडू, हे एकदा ठरवले पाहिजे. ठरवणे फारच जड जात असेल तर निदान सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीचे एक साधे सभागृह वेगळे ठेवावे, त्याला लाकूडही नको आणि ऐटही नको.

आता कोकणाच्या भूगोलाचा मुद्दा. ‘आमच्याकडे सगळा चढउतार, इथे चाकाची खुर्ची चालणार कशी?’ हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. घरे खाली खाडीच्या, नदीच्या किंवा समुद्राच्या काठाशी आणि त्यांना जोडणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, ज्यांवर श्रावणात शेवाळ चढते आणि धडधाकट माणूसही काठी टेकत उतरतो, हे खरे. पण वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचे कातळाचे पठार, सपाट आहे. रत्नागिरी, राजापूर, गुहागर या तालुक्यांतले कातळ मैलोन्‌मैल सपाट पसरले आहेत. आपले पूर्वज त्यांवर चित्रे कोरून गेले आणि आपण आता त्यांवर औद्योगिक वसाहती आणि विमानतळ बांधतो. मैदानाला सपाट जागा मिळत नाही, ही सबब टिकणारी नाही. अडचण घरापासून सड्यापर्यंतच्या वाटेची आहे. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना भरघोस सवलत आहे, पण गाडीच्या पहिल्या पायरीची उंची त्या सवलतीने कमी होत नाही. रिक्षाने यायचे तर एका दिवसाच्या सरावाचे भाडे घरातल्या एखाद्याच्या रोजंदारीइतके होते, आणि सोबत येणाऱ्याची रोजंदारी बुडते ती वेगळी. आंब्याच्या हंगामात किंवा मासेमारी जोरात असताना घरातले कोण मोकळे असणार? म्हणून तालुका संकुलाच्या खर्चात, इमारतीच्या आधी, आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वाटेवर फिरणारी, मागे उतरती फळी असलेली एक गाडी असावी, असे मला वाटते. शंभर कोटींच्या प्रस्तावापेक्षा हा प्रस्ताव दिसायला फारच दरिद्री आहे, हे मान्य.

पाऊस आणि खारा वारा हेही विचारात घ्यायला हवेत. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जून ते सप्टेंबर उघड्या मैदानाचा भरवसा धरता येत नाही, आणि खेळाडूचे वर्ष चार महिने थांबत नाही. त्यामुळे इथे धावपट्टीच्या आधी छप्पर हवे. बोचिया, टेबल टेनिस, पॉवरलिफ्टिंग, दहा मीटरची नेमबाजी हे सारे खेळ छपराखाली होतात. त्यांतला बोचिया, म्हणजे लक्ष्याच्या चेंडूजवळ आपले चेंडू टाकण्याचा खेळ, तर ज्यांच्या हातापायांवर अगदी थोडे नियंत्रण आहे अशांसाठी आहे, साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद जमीन त्याला पुरते, आणि ज्याला हाताने चेंडू टाकता येत नाही तो पन्हळीवरून सोडतो. छप्पर म्हणजे पत्रे, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पत्र्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे कठडे दोन पावसाळ्यांत गंजतात आणि त्यांना धरणाऱ्याचा हात कापला जातो. खुर्चीच्या चाकांतले छर्रे तर त्याहून आधी कुरकुरू लागतात. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर चाकाची खुर्ची पाण्याजवळ नेता यावी म्हणून बांधलेली लाकडी वाट २०२२ च्या नोव्हेंबरअखेर खुली झाली आणि दोनच आठवड्यांत मांडूस वादळाच्या लाटांनी तिची मोडतोड केली. पुढे ती दुरुस्त झाली. हे उदाहरण कोणी ‘म्हणून बांधूच नये’ असे सांगण्यासाठी देईल. मला त्यातून एवढेच दिसते की किनाऱ्यावर सुगम्यता ही एकदा बांधून विसरण्याची वस्तू नाही, आणि दुरुस्तीचा निधी ज्या प्रस्तावात नाही तो प्रस्ताव अपुरा आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराच्या मालकाला हे ठाऊक असते. दर वर्षी मे महिन्यात तो कौले चाळतोच.

कोकणाला पॅरा खेळांची गरज आहे ती केवळ पदकांसाठी नाही, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आंबा, नारळ आणि सुपारीच्या झाडांवरून पडून मणका मोडलेली तरुण माणसे आपल्या ओळखीत आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ तयार केला, त्यामुळे जमिनीवरून आंबा उतरवणे सोपे झाले, तरी उंच कलमांवर आणि माडांवर आजही माणसेच चढतात. पडलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, पडवीत खाट टाकली जाते, गाव महिनाभर भेटायला येतो आणि मग येईनासा होतो. पाठीला आणि कुल्ल्यांना जखमा होतात, आणि अनेकदा त्याला मूळ इजेपेक्षा त्या जखमाच अधिक छळतात. पॅरालिम्पिकची सुरुवात नेमकी अशाच माणसांपासून झाली. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन मज्जारज्जूच्या रुग्णांना उपचार म्हणून खेळायला लावत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील सोळा जणांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली आणि त्यातूनच पुढे १९६० सालची रोमची पहिली पॅरालिम्पिक उभी राहिली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, मूळचे मुष्टियोद्धे असून नंतर पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले. खेळ आणि उपचार यांच्या मधली भिंत आपणच घातलेली आहे.

म्हणून केंद्र रुग्णालयाच्या अंगणात असावे, किंवा निदान फिजिओथेरपीच्या विभागाशी रोजच्या कामकाजाने जोडलेले असावे. चिपळूण तालुक्यात डेरवणला एकाच परिसरात रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि क्रीडासंकुल आहे आणि तिथे दर वर्षी मुलांच्या मोठ्या क्रीडास्पर्धा भरतात. कोकणात अशी सांगड दुर्मीळ आहे, आणि शासनाला पॅरा खेळांसाठी कोणाशी हातमिळवणी करायची असेल तर कोरी जमीन शोधण्याआधी अशा ठिकाणांचा विचार व्हावा. जपानच्या दक्षिणेकडील बेप्पू या किनाऱ्यावरच्या गावाचे उदाहरण इथे देण्यासारखे आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे, जसे झरे आपल्याकडेही उन्हवऱ्याला आणि राजवाडीला आहेत. डॉ. युताका नाकामुरा यांनी १९६० साली स्टोक मँडव्हिलला जाऊन गुटमन यांचे काम पाहिले, १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकसाठी खटपट केली, आणि १९६५ साली बेप्पूला दिव्यांगांना काम देणारी ‘तायो नो इए’ ही संस्था काढली. पुढे ओमरॉन, सोनी, होंडा यांसारख्या कंपन्यांनी तिच्याबरोबर भागीदारीत कारखाने काढले. शेजारच्या ओइता शहरात १९८१ पासून चाकाच्या खुर्चीवरील आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते. या क्रमाकडे नीट पाहावे. एका डॉक्टरने एक भेट दिली, आणि परतल्यावर त्याने स्पर्धेपाठोपाठ रोजगाराची सोय केली. ज्याच्या हाताला काम आहे तो संध्याकाळी मैदानावर येऊ शकतो.

‘किती खेळाडू आहेत तुमच्याकडे?’ हा अधिकाऱ्यांचा ठेवणीतला प्रश्न असतो, आणि आकडा लहान निघाला की फाइल मिटते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतले खेळाडू किती, हे त्यांना खेळायला मिळाल्याशिवाय कसे कळणार? पण त्यासाठी नव्या सर्वेक्षणाची वाट पाहायला नको. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक प्रत्येक शाळेतल्या अशा मुलांना नावानिशी ओळखतात, कोण कोणत्या वाडीत राहतो आणि कोणाच्या हातात किती जोर आहे हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांना पॅरा खेळांच्या वर्गीकरणाची प्राथमिक ओळख करून द्यावी, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. आपल्या प्रमाणपत्रावर चाळीस टक्के, साठ टक्के असे लिहिलेले असते आणि पालकांना वाटते की टक्का जास्त तेवढी संधी जास्त. खेळात टक्का मोजला जात नाही. कोणत्या अवयवाची कोणती हालचाल त्या विशिष्ट खेळात किती उरते, हे पाहून वर्ग ठरतो. पोहण्यात शारीरिक अपंगत्वाचे दहा वर्ग आहेत, दृष्टिदोषाचे तीन आणि बौद्धिक अक्षमतेचा एक. चुकीच्या वर्गाच्या आशेवर वर्षे घालवलेला खेळाडू शेवटच्या क्षणी बाद होऊ शकतो. टोकियोत एका भारतीय थाळीफेकपटूला मिळालेले कांस्यपदक वर्गीकरणाच्या कारणावरूनच रद्द झाले होते. जिल्ह्यात वर्षातून एकदा जाणकारांकडून प्राथमिक वर्गीकरणाचे शिबिर झाले, तर मुलांची आणि पालकांची कितीतरी वर्षे वाचतील.

पोहण्याचा उल्लेख आलाच आहे तर समुद्राविषयीही एक वाक्य लिहायला हवे, कारण ‘आपल्याला तलाव कशाला, अख्खा समुद्र आहे’ असे म्हणणारे भेटतातच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाची राज्यस्तरीय स्पर्धा भरते आणि तिला पोहणारे लांबून येतात, याचा आनंद आहे. पण दृष्टिहीन पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून काठावरचा सहायक लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या मऊ बोंड्याने त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर टकटक करतो. त्या एका टकटकीची वेळ साधण्यासाठी दोघांना महिनोन्‌महिने एकत्र सराव करावा लागतो, आणि त्याला भिंत लागते. समुद्राला भिंत नसते.

पैशाचा प्रश्न उरतो. ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदांपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीस थोडथोडा वाटून संपवला जातो. वाटपाला माझा विरोध नाही, गरजवंताच्या हातात पैसे पडलेच पाहिजेत. परंतु शर्यतीची तीनचाकी खुर्ची परदेशातून आणायची तर काही लाख रुपये पडतात, आणि एवढी रक्कम एका ग्रामपंचायतीला झेपणारी नाही. तालुक्यातल्या दहा-बारा ग्रामपंचायतींनी निधीचा छोटा भाग एकत्र केला तर दोन खुर्च्या, फेकीच्या दोन चौकटी आणि बोचियाचे चेंडू संकुलात कायमचे राहतील आणि मुले वाढतील तसे ते एकाकडून दुसऱ्याकडे जातील. राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. असे एकत्रीकरण नियमात बसवणे हे त्या विभागाला सहज जमण्यासारखे काम आहे.

आणि वेगळी वास्तू नसेल तर पदके येणार नाहीत, असे समजण्याचे कारण नाही. हात नसलेली, पायाने धनुष्य पेलणारी किश्तवाड जिल्ह्यातली शीतल देवी घडली ती कटऱ्याला, माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या क्रीडासंकुलात. टोकियोत टेबल टेनिसचे रौप्य मिळवणाऱ्या भाविना पटेल यांच्या हाती बॅट आली ती अहमदाबादच्या अंधजन मंडळात, जिथे त्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी गेल्या होत्या. देवस्थाने, सहकारी पतपेढ्या, मुंबईकर चाकरमान्यांची मंडळे आणि शिक्षणसंस्था कोकणात कमी नाहीत. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लाखो रुपये उभे करणाऱ्या माणसांना टेबल टेनिसचे एक टेबल आणि दाराशी एक नीट उतार जड जाणार नाही. त्यांना कोणी तसे विचारलेले नाही, इतकेच.

येत्या अर्थसंकल्पात कोकणातल्या संकुलांसाठी तरतूद झालीच, तर माझी सूचना निविदेतल्या एका अटीपुरती आहे. ठेकेदाराचे अंतिम देयक देण्याआधी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, त्याच तालुक्यात राहणाऱ्या एका व्यक्तीने आणि एका दृष्टिहीन व्यक्तीने, कोणाचीही मदत न घेता, एसटी थांब्यापासून मैदानापर्यंत, तिथून स्वच्छतागृहापर्यंत आणि परत थांब्यापर्यंत जाऊन यावे, आणि त्या दोघांची सही अभियंत्याच्या सहीशेजारी असावी. ही पाहणी जुलैत व्हावी, मार्चमध्ये नको. जुलैत भर पावसात कोण येणार, असे अभियंते म्हणतील. ज्यांना वर्षभर तिथे सराव करायचा आहे ते येतील, आणि ते येऊ शकले नाहीत तर देयक थांबवण्याचे कारण आयतेच हाती पडेल.